डबा नंतर, पत्रा आधी: जुन्या गाडीच्या गंजावर कोणतं कोटिंग कुठे मारायचं

गणपती गेले, ऊन पडलं, म्हणून फियाटमधलं मॅटिंग वाळवायला काढलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा फेल्ट ओलाचिंब होता. तो ओढला तर पत्र्याचे पापुद्रे त्याला चिकटून वर आले, बाकरवडीचा चुरा असावा तसे. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते खाली उतरलं.

त्याच जागेला मी तीन वर्षांपूर्वी पैसे मोजून ‘अँटी-रस्ट’ करून घेतलं होतं. गाडीखाली सरकून पाहिलं तर ते काळं रबरी कोटिंग अजून झकास दिसत होतं. गुळगुळीत, चमकदार, कुठे तडा नाही. नखाने कडा उचलली तर चपातीचा वरचा पदर सुटावा तसं सबंध सुटून आलं आणि त्याच्या पोटातून तांबडं पाणी गळालं. कोटिंग टिकलं होतं, त्याच्यामागचा पत्रा गेला होता. मारणाऱ्याने गंजावरच मारलं होतं. वरून पाणी आत गेलं आणि खालचं रबर ते बाहेर पडू देईना.

जुनी गाडी नीट करायला घेतलेला जो भेटतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘गंजावर सगळ्यात चांगलं कोटिंग कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर आहे ते ‘या जागेचा पत्रा आत्ता कसा आहे आणि तिथे माझा हात पोचतो का’ या प्रश्नाला. एका गाडीवर मला चार वेगवेगळी कोटिंग्ज लागली आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या जागी मारलं असतं तर दोन्ही फुकट गेली असती.

माझी ही फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली, मुक्काम कळवा. २६ जुलै २००५ ला तिच्यात सीटपर्यंत पाणी होतं, आणि त्या पाण्यात खाडीचाही वाटा होता. पण पुढे जे लिहिलंय ते मारुती ८००, जीप किंवा चेतकलाही तसंच लागू आहे. फरक एवढाच की जीपसारखी पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. त्यामुळे दरवाज्याखालची पेटी (गॅरेजवाले तिला ‘साईल’ म्हणतात) सडली तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

आपल्याकडे गंज एवढा का धरतो

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ लागतंच असं नाही, पण मीठ असलं की काम झपाट्याने होतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. आता विचार करा: पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मिठाचे कण अडकलेत आणि गाडी कळवा, कोपरी, ऐरोली किंवा वाशीला खाडीच्या अंगाला उभी आहे. जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वर. म्हणजे पाऊस पडो न पडो, वरून रंग सुका दिसो न दिसो, खड्ड्याच्या तळाशी चार महिने खारं पाणी साचलेलं असतं. म्हणून आपल्याकडे गंज घासण्याइतकंच मीठ धुणं महत्त्वाचं. ते गॅरेजमध्ये कुणीही करत नाही.

पहिलं काम: टोचून बघणे

गाडी उचला, पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. सपाट जमिनीवर चारही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा, हलवून खात्री करा, मगच खाली जा. बॅटरीची तार आधीच काढून ठेवा.

हातात तीन वस्तू हव्यात: जुना स्क्रूड्रायव्हर, छोटं लोहचुंबक आणि टॉर्च. पत्र्यावर चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवायचं. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पुट्टी आहे. माझ्या मागच्या मडगार्डवर ते एका जागी चिकटेचना. खणलं तर बोटभर जाड पुट्टी आणि तिच्या आत मराठी वर्तमानपत्राचा बोळा. तारीख वाचता आली नाही, नाहीतर हे कौशल्य कोणत्या काळातलं ते कळलं असतं.

बघायच्या जागा ठरलेल्या: पायाखालचा पत्रा, साईल, जॅक लावायची जागा, बॅटरीचा ट्रे, दरवाज्यांची खालची घडी, डिकीत स्टेपनीखाली, काचेच्या रबराखालची खाच, मडगार्डच्या आतली वळलेली कड. चेतक असेल तर फूटबोर्ड आणि त्याच्या पट्ट्यांखालची भोकं.

प्रत्येक जागेला खडूने नंबर द्या. मी चार नंबर ठेवतो. हातावर तांबडी पूड येते पण पत्रा गुळगुळीत आहे, तो एक नंबर. पूड झाडल्यावर खाली खड्डे दिसतात, तो दोन. पापुद्रे सुटतात, स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा लवतो, तो तीन. भोक पडलं, चार. तीन आणि चार नंबरवर कुठलंही कोटिंग चालत नाही. तिथे पत्रा कापायचा आणि नवीन लावायचा. डब्यावर काहीही छापलेलं असो. ‘फायबर मारून वरून पुट्टी’ हा सल्ला मिळेल. साईलच्या बाबतीत तो ऐकू नका. गाडीचा सांगाडा त्याच पेटीवर उभा आहे.

साफसफाई: निम्मे दिवस इथेच जातात

आधी धुवा, मग घासा. उलट केलं तर ग्रीस आणि मीठ दोन्ही तुम्ही ग्राइंडरने पत्र्यात कोंबता. डिग्रीझरने ग्रीस काढा. पेट्रोल वापरू नका, आगीची भीती वेगळीच, शिवाय मागे तेलकट थर राहतो.

पापुद्रे हातोडीच्या चोचीने आणि छन्नीने झाडायचे. मग अँगल ग्राइंडरवर वायरचा ब्रश. यात एक फसगत आहे. वायरचा ब्रश गंज काढतो तसा तो घासून चकचकीतही करतो. खड्ड्यातला काळपट गंज पॉलिश होऊन पत्र्यासारखा दिसायला लागतो आणि आपल्याला वाटतं झालं. टॉर्च आडवा धरा. स्वच्छ पत्रा पांढरट राखाडी चमकतो, पॉलिश झालेला गंज काळा-जांभळा दिसतो. शेवटचा हात ८० नंबरच्या सँडपेपरने किंवा फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) मारा, म्हणजे कोटिंगला पकड मिळेल असे ओरखडे पडतील. फ्लॅप डिस्क एका जागी टेकवून ठेवू नका. पद्मिनीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपासचा, बघता बघता पातळ होतो.

सँड ब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळूसारखे कण मारून गंज उडवणं) करून देणारे रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या एमआयडीसीत मिळतात. पण त्यांचा हात पाइप आणि गर्डरवर बसलेला असतो. त्याच जोराने बोनेट किंवा दरवाजा दिलात तर पत्रा लाटेसारखा वाकून येईल आणि तो सरळ होणं जवळजवळ अशक्य. सस्पेन्शनचे हात, चाकं, ब्रॅकेट असे जाड भाग खुशाल द्या. मोठे सपाट पत्रे देऊ नका. आणि नदीची वाळू उडवणाऱ्याकडे उभेही राहू नका, ती सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

लहान भाग, म्हणजे बिजागऱ्या, बोल्ट, ब्रॅकेट, बुडवून ठेवा. किराणा दुकानातलं सायट्रिक अॅसिड (लिंबूसत्त्व) गरम पाण्यात घालून एक रात्र पुरते. घाई नसेल तर उसाची मळी: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, एक-दोन आठवडे. मळीतले घटक गंज धरून ओढतात, चांगल्या लोखंडाला जवळपास धक्का लावत नाहीत. वास मात्र असा येतो की आमच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतला. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग यात टाकू नका, खाल्ले जातील.

जुना रंग सुका घासू नका. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि रंगाखालच्या पिवळ्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट, ज्याची धूळ कर्करोगकारक आहे. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, ते पाणी गटारात सोडू नका.

आता मीठ. घासून झालं की नळाच्या गोड्या पाण्याने जोरात धुवा, खड्ड्यांत ब्रश फिरवून पुन्हा धुवा. लगेच पुसा, ब्लोअरने सुकवा. आपल्या हवेत उघडा पत्रा तासाभरात बदामी पडतो. तो बदामीपणा सगळीकडे सारखा असेल तर काळजी नाही, ८० नंबरचा हात पुन्हा फिरवला की जातो. पण रात्र उलटल्यावर काही खड्डे गर्द तांबडे उठले आणि बाजूचा पत्रा बरा राहिला, तर त्या खड्ड्यांत मीठ शिल्लक आहे. पुन्हा धुवा. माझ्या पायाखालच्या पत्र्याला तीन वेळा धुवावं लागलं. पहिल्या दोन वेळी सकाळी तेच सात-आठ ठिपके हजर होते.

शेवटी एक चाचणी, फुकटची: स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा उभा राहिला तर पत्रा तेलमुक्त आहे. थेंब होऊन पाणी फाटलं तर अजून तेलकट आहे.

आता डबा उघडू

*रेड ऑक्साइड.* कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये गंज म्हटलं की हाच डबा पुढे येतो. नाव आणि रंग यांमुळे गैरसमज आहे. पूर्वी पूल आणि जहाजांना लावत ते रेड लेड, म्हणजे आपण देवाला लावतो तो शेंदूर. तो खरोखर गंज रोखायचा, पण शिशाचा असल्याने विषारी. आजच्या रेड ऑक्साइडमध्ये रंगद्रव्य आहे ते लोहाचं ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. त्याचा थर ओल आत जाऊ देतो. गेटला, ग्रिलला, दरवर्षी हात मारायची तयारी असेल तिथे ठीक. गाडीच्या पोटाखाली नको.

*रस्ट कन्व्हर्टर.* लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो. हिरड्याच्या पाण्यात लोह घालून पूर्वी काळी शाई करत. दोन्हीकडे टॅनिन लोहाला भेटतं. टॅनिक अॅसिडचा कन्व्हर्टर हेच करतो: तांबड्या गंजाचं काळ्या, न विरघळणाऱ्या थरात रूपांतर. दुसरा प्रकार फॉस्फोरिक अॅसिडचा, तो लोहाचा फॉस्फेट करतो. हे काम खरं आहे, पण वरवरचं. रसायन गंजाच्या वरच्या थरापुरतं पोचतं. खाली जाड पापुद्रा असेल तर वर काळं कवच आणि आत पहिल्यासारखा गंज. त्यामुळे कन्व्हर्टर दोन नंबरच्या पत्र्यासाठी: सैल गंज सगळा काढला, धुतला, पण खड्ड्याच्या तळाशी तांबडं राहिलंच आणि आणखी घासलं तर पत्रा जाईल, अशा जागेसाठी. स्वच्छ पत्र्यावर तो मारायचा नसतो, त्याला रूपांतर करायला गंजच हवा. आणि तो एकटा पावसात टिकत नाही, वर कोट हवाच. फॉस्फोरिकवाला असेल तर पत्र्यावर सुकू देऊ नका. काम झालं की पाण्याने धुवा, सुकवा. मागे राहिलेलं अॅसिड वरच्या प्रायमरला उचलतं.

*झिंक प्रायमर, म्हणजे कोल्ड गॅल्व्हनायझिंग.* जस्त लोखंडाआधी स्वतःला खाऊ देतं, म्हणून ओरखडा पडला तरी बाजूचं लोखंड वाचतं. पण त्यासाठी जस्ताचा कण लोखंडाला थेट भिडला पाहिजे. मध्ये गंज, कन्व्हर्टर, जुना रंग, काहीही आलं की ते फक्त महागडं राखाडी पेंट उरतं. घासून पांढऱ्या केलेल्या जाड भागांवर, वेल्डिंगच्या सांध्याजवळ छान. त्याच्यावर साधा ऑइल पेंट किंवा रेड ऑक्साइड मारू नका. जस्त आणि त्या तेलाची साबणासारखी प्रक्रिया होऊन वरचा थर सुटतो.

*टू-पॅक इपॉक्सी प्रायमर.* दोन भाग मिसळून मारायचा, म्हणून टू-पॅक. स्वच्छ पत्र्यासाठी माझं मत याला. ओल आणि हवा अडवण्यात घरी हाताळता येणाऱ्या कोटिंगमध्ये याच्या तोडीचं मला काही सापडलं नाही. पुट्टी मारायची ती याच्यावर, उघड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी पत्र्याला पाजते. याचा दोष एवढाच की उन्हात पांढुरका भुकटा धरतो, म्हणून वर रंग हवा. कन्व्हर्टरवर इपॉक्सी चालतो की नाही हे कंपनीगणिक बदलतं. डब्यासोबतची टेक्निकल डेटा शीट मागा. दुकानदाराला ती कधी कुणी मागितलेली नसते, तो चक्रावतो, पण फोनवर पीडीएफ देतो.

*मॉइश्चर-क्युअर युरेथेन.* पीओआर-१५ हे यातलं जगभर गाजलेलं नाव. हे हवेतल्या ओलीने सुकतं आणि दगडासारखं कडक होतं. खरखरीत, गंजाचा दात असलेल्या पत्र्यावर याची पकड उत्तम. गुळगुळीत चकचकीत पत्र्यावर मात्र पातीच्या पाती सोलून निघतात. आपल्या हवेत दोन गमती. जाड मारलं तर आतला वायू बुडबुडे करतो, म्हणून पातळ दोन हात. आणि डबा एकदा उघडला की उरलेला वाचवणं कठीण. झाकण बसवण्याआधी तोंडावर प्लास्टिक लावा, नाहीतर पुढच्या वेळी झाकण कापावं लागेल. मी हाताला लागलेला ठिपका आठवडाभर ऑफिसात मिरवला, थिनर-साबण कशानेही निघत नाही. उन्हात हेही फिकं पडतं, वर रंग हवा.

*रबरी किंवा बिटुमेनचं अंडरकोटिंग.* हे गंज थांबवत नाही. चाकाने उडणाऱ्या खडीपासून खालच्या प्रायमरला वाचवतं आणि आवाज कमी करतं, बस. इपॉक्सीवर मारा, मडगार्डच्या आत मारा. गंजावर मारलं की काय होतं ते वर सांगितलंच.

*जळकं ऑइल.* वडील दर मे महिन्यात गॅरेजमधलं काळं ऑइल डिझेलमध्ये मिसळून गाडीखाली फवारून घ्यायचे. हसू नका, पद्मिनीच्या पोटातले कितीतरी सांधे त्यानेच वाचले. पण ते रबरी बुश फुगवतं, कातडीला घातक, पार्किंगमध्ये डबकी करतं, आणि एकदा सांध्यात मुरलं की तिथे पुढे कुठलाही रंग धरत नाही. त्याच्या जागी आता कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ्यांत फवारायचं मेण आहे. त्याकडे येतोच.

यावर विश्वास कशाला ठेवायचा म्हणून मी एक पोरखेळ केला. कापून काढलेल्या फ्लोअरच्या पत्र्याचे पाच तुकडे केले, प्रत्येकावर वेगळा प्रकार मारला, खिळ्याने मधोमध एक फुली ओरखडली आणि जून ते सप्टेंबर खाडीच्या बाजूच्या गॅलरीत ग्रिलला टांगले. गंजावर मारलेला रेड ऑक्साइड जुलैतच फोडफोड झाला. गंजावर मारलेलं रबर शेवटपर्यंत सुंदर होतं, सोलल्यावर आत चिखल. कन्व्हर्टर आणि वर इनॅमल: मध्यभाग ठीक, कडांना तांबडं. खरखरीत पत्र्यावर मॉइश्चर-क्युअर: फुलीतही जेमतेम गंज. स्वच्छ, धुतलेल्या पत्र्यावर इपॉक्सी आणि वर रंग: फुलीच्या रेघेत तांबडं, पण रेघेच्या बाहेर ते सरकलं नव्हतं. प्रयोगशाळा नव्हे ही, पण तुमच्याकडेही टाकाऊ पत्रा आणि गॅलरी आहेच.

कुठे काय, हे ठरवताना

खडूचे नंबर घेऊन बसा. एक नंबर, हात पोचतो: पांढरं होईपर्यंत घासा आणि इपॉक्सी. दोन नंबर, हात पोचतो: मॉइश्चर-क्युअर, किंवा कन्व्हर्टर आणि वर त्याच कंपनीने मान्य केलेला प्रायमर. दोन्ही एकावर एक नाही. तीन आणि चार: कापा, एक मिलिमीटरची सीआर शीट (कोल्ड-रोल्ड पत्रा) वेल्ड करा, सांध्यात वेल्ड-थ्रू झिंक (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं असा झिंक प्रायमर), मग इपॉक्सी. पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय जवळपास वेल्डिंग नाही, आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, तिच्यात वाफ असते. हात पोचत नाही तिथे, म्हणजे साईलच्या आत, दरवाज्याच्या पोटात, खांबांत: रंगाचा विचारही नको, फक्त वॅक्स.

सायलेन्सरवर यातलं काहीच टिकत नाही. त्याला उष्णतारोधक सिलिकॉन पेंट.

कुठे मारायचं नाही हेही चिकटपट्टी लावून ठरवा: ब्रेकच्या नळ्यांचे जोड, रबरी बुश, बोल्टचे आटे, अर्थिंगची जागा आणि पाणी निघायची भोकं. दरवाज्याखालची भोकं रंगाने बुजवलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की ती रीतच असावी.

किती लागेल

दुकानात ‘चार लिटर घेऊन जा’ म्हणतील. हिशेब सोपा आहे. डेटा शीटवर ‘व्हॉल्यूम सॉलिड्स’ हा आकडा बघा. ५० टक्के असेल तर एका लिटरमधून अर्धा लिटर पत्र्यावर राहतो, बाकी उडून जातो. ५० मायक्रॉनचा सुका थर हवा असेल तर एक लिटर १० चौरस मीटरला पुरतो. पद्मिनी साधारण चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे पोट सहा चौरस मीटर. घड्या, खोबणी आणि मडगार्डच्या आतल्या बाजू धरून दुप्पट करा: बारा. दोन हात म्हणजे चोवीस, अर्थात अडीच लिटरच्या आत. ब्रशने मारणार तर तीन लिटर घ्या, स्प्रे गनने मारणार तर उडणारं धरून चार. मी ब्रशने मारलं. खाली झोपून गन चालवायची तर निम्मं आपल्याच चेहऱ्यावर. शिवाय ब्रशने प्रायमर खड्ड्यात कोंबला जातो, ते मला आवडतं.

दिवस निवडणे

हे काम दिवाळीनंतर ते मेअखेर. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २७ च्या थोडा वर असतो, म्हणजे सावलीतला पत्रा या नियमात बसतच नाही. डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर आहे आणि तुम्ही तिच्यावर इपॉक्सी मारताय. त्याच ३० अंशाला आर्द्रता ६० असेल तर दवबिंदू २१ च्या आसपास, मग बिनधास्त. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ स्वस्तात मिळतं. ते नसेल तर माझी पद्धत: ओलसर फडकं पत्र्यावर फिरवा. पाव तासात पट्टा सुकला नाही तर डबा बंद करा. डिसेंबरातही पहाटे मारू नका, रात्रभर थंड झालेल्या पत्र्यावर दव असतं. दहा ते चार ही वेळ.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणातच, मापाने. ‘हार्डनर थोडा जास्त टाकू, लवकर सुकेल’ हे आमच्या मिस्त्रींचं वाक्य.

‘दादा, मी वीस वर्षं असंच टाकतोय.’

‘टाका हो, पण या गाडीत नको.’

जास्त हार्डनरने थर ठिसूळ होतो किंवा चिकट राहतो. मिसळल्यावर डेटा शीटवर सांगितलेली मिनिटं थांबा, मग मारा. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिश्रण डब्यातच गरम होऊन आळतं, म्हणून थोडं थोडं कालवा. दुसरा हात ठरलेल्या मुदतीत मारा. मुदत टळली तर स्कॉच-ब्राइटने खरखरीत करा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. वेल्डिंगच्या सांध्यांना पहिल्या इपॉक्सीवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ ओढा, बोटाने दाबा.

टू-पॅक पीयू रंग आणि मॉइश्चर-क्युअर, दोन्हींत आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उसळतो. कापडी मास्क, रुमाल, एन-९५ यांचा उपयोग नाही. ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, चष्मा, आणि तोही ब्रशच्या कामापुरता. हे रंग गनने मारायचे तर पेंट-बूथवाल्याकडेच द्या. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मुलं खेळत असताना फवारू नका.

बाहेरून रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. मी त्याच पांढऱ्यावर राहिलो, निम्मं त्या फेऱ्या टाळायला.

पोटातल्या पोकळ्या

कॅव्हिटी वॅक्स सगळ्यात शेवटी: वेल्डिंग, प्रायमर, सीलंट, रंग, सगळं झाल्यावर. आधी मारलात तर वेल्डिंगच्या ठिणगीने पेटेल आणि रंग त्याच्यावर बसणार नाही. लांब नळी आणि टोकाला चारी बाजूंना उडणारं नोझल हवं. आधी पोकळीत हवा मारून कचरा काढा. माझ्या डाव्या साईलमधून मूठभर माती आणि एक जुनं पाच पैशाचं नाणं निघालं. गाडी दुपारभर उन्हात तापू द्या, म्हणजे वॅक्स पातळ होऊन सांध्यात मुरेल. नळी टोकापर्यंत घाला आणि हळूहळू ओढत मारा. भोकांतून ठिबकायला लागलं की पुरे. रात्रभर खाली पुठ्ठा घाला. सकाळी सगळ्या भोकांत तार फिरवून मोकळी करा.

काचेच्या रबरामागून पाणी येत असेल तर तेही आत्ताच बघा. माझं पायाखालचं पाणी मुळात तिथूनच येत होतं. एकाने काचेवर पाइप धरायचा, दुसऱ्याने आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन उलटं पडायचं. आमच्याकडे उलटा मी होतो.

आता दर मे अखेरीला एक रविवार: पोट धुणं, भोकांत तार, पोकळ्यांत वॅक्सचा एक हात, खडीने उडालेल्या जागी इपॉक्सीचा ठिपका. फेल्ट परत बसवलेला नाही. त्याच्या जागी उचलता येईल अशी रबरी शीट आहे, पावसाळ्यात दर पंधरवड्याला तिच्याखाली हात घालून बघतो. यंदा हात कोरडा आला. फक्त पुढच्या डाव्या खांबाच्या तळाशी, सीलंटच्या कडेला, तांदळाएवढा एक तांबडा ठिपका उठलाय. त्याला खडूने दोन नंबर दिलाय, दिवाळी झाली की उघडतो.